पपनसाचा रस आणि टॅक्रोलिमस : मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे एक प्रकरण

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तातील टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने बसवलेला अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची, पातळी अचानक वाढलेली दिसली की पहिला विचार बहुधा मात्रा कमी करण्याचाच येतो. पुढे मांडलेल्या प्रकरणात तेच झाले, आणि महिनाभराच्या आत त्याच रुग्णावर नेमके उलटे संकट ओढवले : औषध कमी पडू लागले आणि बसवलेले मूत्रपिंड शरीर नाकारते की काय, अशी शंका निर्माण झाली. दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी रोज सकाळी घेतला जाणारा फळाच्या रसाचा एक पेला होता. हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत जे घडू शकते ते सलगपणे दिसावे म्हणून ते प्रातिनिधिक स्वरूपात रचलेले आहे, आणि रुग्णाच्या तपासण्यांचे आकडे त्या रचनेचाच भाग आहेत. औषधशास्त्राविषयीची विधाने मात्र प्रस्थापित माहितीवर आधारलेली आहेत.

रुग्ण आणि पहिली भेट

रुग्ण ४६ वर्षांचा पुरुष. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर काही काळ त्याने डायलिसिसवर काढला, आणि नंतर सख्ख्या बहिणीने दिलेले मूत्रपिंड त्याला बसवण्यात आले. शस्त्रक्रियेला वीस महिने उलटले होते. औषधे ठरलेली होती : टॅक्रोलिमस सकाळी २ मिलिग्रॅम आणि रात्री २ मिलिग्रॅम, त्याच कामासाठी मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन. गेले अनेक महिने टॅक्रोलिमसची ट्रफ पातळी, म्हणजे पुढचा डोस घेण्याच्या लगेच आधीची पातळी, ६ ते ७.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या टप्प्यात राहिली होती. शेवटची नोंद ६.८ होती. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. वेळेवर गोळ्या घेणारा, तपासण्या न चुकवणारा आणि स्वतःची वही सांभाळणारा असा हा रुग्ण होता. अशा रुग्णाबाबत कोणी फारसे प्रश्न विचारत नाही, आणि या प्रकरणात ते थोडे महागात पडले.

नेहमीच्या तपासणीला तो आला तेव्हा त्याने हात थरथरत असल्याचे सांगितले. सही नीट उमटत नाही, चहाचा कप बशीवर ठेवताना खडखड आवाज होतो, झोप तुटक लागते आणि डोके जड राहते, असे त्याचे म्हणणे होते. हात समोर पसरायला सांगितल्यावर बोटांच्या टोकांना बारीक, जलद कंप स्पष्ट दिसत होता. रक्तदाब १४८/९४ निघाला. तपासण्यांत क्रिएटिनिन १.७, पोटॅशियम ५.८, मॅग्नेशियम खालच्या मर्यादेच्याही खाली, उपाशीपोटीची साखर १२८ आणि टॅक्रोलिमस १७.८ आले. त्या केंद्रात पहिल्या वर्षानंतर या औषधाची अपेक्षित पातळी ५ ते ८ धरली जात होती.

टॅक्रोलिमस ज्यांच्या हाताखालून रोज जाते, त्यांना हे चित्र ओळखीचे आहे. मूत्रपिंडातील गाळणीकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमनीला हे औषध आकुंचित करते. त्यामुळे गाळण मंदावते आणि क्रिएटिनिन वाढते. पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर टाकण्याची क्रिया त्याने रोडावते, मॅग्नेशियम मात्र वाहून जाते. स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यातही ते अडथळा आणते, म्हणून साखर चढते. कंप, निद्रानाश, डोकेदुखी आणि मुंग्या येणे हे मज्जासंस्थेवरचे परिणाम आहेत. विषारी पातळी आणि उपयोगी पातळी यांच्यातले अंतर या औषधात फार थोडे असते, आणि म्हणूनच ते आयुष्यभर रक्तातील पातळी मोजत द्यावे लागते.

पातळी खरोखर वाढली होती का

एखादा आकडा अनपेक्षित आला की सर्वांत आधी त्या आकड्यावरच शंका घ्यावी, ही चांगली सवय आहे. सकाळची गोळी घेऊन मग रक्त दिले, तर कळसाजवळची पातळी मोजली जाते आणि ती ट्रफच्या कितीतरी पट निघू शकते. वाढलेल्या टॅक्रोलिमसचे हे अगदी सामान्य कारण आहे. या रुग्णाने मात्र रात्री आठला गोळी घेतली होती आणि सकाळी आठला रक्त दिले होते, आणि सकाळची गोळी त्याच्या खिशातच होती. दुसऱ्या दिवशी नमुना पुन्हा घेतला, तेव्हा पातळी १८.१ निघाली.

त्यानंतर ठरलेले प्रश्न विचारण्यात आले. जुलाब झाले होते का? हा प्रश्न वरवर असंबद्ध वाटतो, परंतु जुलाबांत आतड्याच्या अस्तराची औषध मोडण्याची आणि परत ढकलण्याची क्षमता घटते आणि टॅक्रोलिमस रक्तात जास्त शिरते. जुलाब नव्हते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक, फ्लुकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध किंवा डिल्टियाझेम हे रक्तदाबाचे औषध, अशी टॅक्रोलिमसची पातळी वाढवणारी औषधे सुरू झाली होती का? नव्हती. कॅप्सूलची कंपनी किंवा प्रकार बदलला होता का? पाकिटे तपासली, तीच कंपनी, तीच कॅप्सूल, आणि उरलेल्या गोळ्यांची संख्याही हिशेबात बसत होती. काढे, चूर्णे किंवा वनस्पतिजन्य गोळ्या घेतल्या जात होत्या का? नाही. शेवटचा प्रश्न होता ग्रेपफ्रूटचा, म्हणजे अनेक औषधांची पातळी वाढवणाऱ्या, संत्र्याच्या कुळातील फळाचा. रुग्णाने ठामपणे नाही म्हटले, आणि ते खरे होते. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना मिळालेल्या कार्डावर ग्रेपफ्रूट टाळावे असे लिहिलेले होते आणि त्याने ते फळ तेव्हापासून चाखलेही नव्हते.

कारण हाती लागले नाही. रुग्णाला त्रास होत होता आणि पोटॅशियम धोक्याच्या दिशेने सरकत होते, त्यामुळे वाट पाहत बसणेही योग्य नव्हते. दोन डोस थांबवून टॅक्रोलिमस १ मिलिग्रॅम सकाळी आणि १ मिलिग्रॅम रात्री असे निम्म्यावर आणण्यात आले. हा निर्णय चूक होता असे म्हणता येणार नाही. कमतरता राहिली ती एवढीच, की कारण अज्ञात असल्याची नोंद पुढच्या भेटीसाठी ठळकपणे केली गेली नाही.

दुसरी आणि तिसरी भेट

आठ दिवसांनी रुग्ण परत आला तेव्हा कंप जवळपास थांबला होता, क्रिएटिनिन १.३ झाले होते, पोटॅशियम ४.९ होते आणि टॅक्रोलिमस ९.२ होते. पातळी उतरतीला लागली आहे, अजून थोडी खाली येईल, असे समजून तोच डोस पुढे चालू ठेवण्यात आला. कागदावर सर्व काही ठीक दिसत होते.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी घेतलेल्या नमुन्यात टॅक्रोलिमस ३.४ निघाले आणि क्रिएटिनिन पुन्हा चढून १.६ झाले. आता अर्थ वेगळा लागत होता. पहिल्या वेळी क्रिएटिनिन वाढले ते औषध जास्त झाल्यामुळे. या वेळी ते वाढले तेव्हा औषध अपुरे होते, आणि अपुऱ्या औषधाबरोबर वाढलेले क्रिएटिनिन म्हणजे, वेगळे काही सिद्ध होईपर्यंत, अस्वीकृती, म्हणजे शरीराने बसवलेले मूत्रपिंड नाकारणे. बायॉप्सी, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणी, करण्यात आली. नलिकांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा सौम्य शिरकाव दिसला. निदान सीमारेषेवरचे होते, पूर्ण अस्वीकृतीचे नव्हते. दात्याच्या ऊतींविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आढळली नाहीत. तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देण्यात आले आणि टॅक्रोलिमस पुन्हा २ मिलिग्रॅम सकाळी, २ मिलिग्रॅम रात्री करण्यात आले.

येथे थोडे थांबून गणित पाहणे उपयोगाचे आहे, कारण उत्तर त्यातच दडलेले होते. ट्रफ पातळीला दिवसभराच्या एकूण मात्रेने भागले की एक गुणोत्तर मिळते. मात्रा बदलली तरी एकाच व्यक्तीत ते साधारण स्थिर राहते, कारण ते त्या व्यक्तीचे शरीर औषध किती आत घेते आणि किती वेगाने मोडते याचे निदर्शक असते. या रुग्णात ते पूर्वी ६.८ भागिले ४, म्हणजे १.७ होते. कंप सुरू झाला तेव्हा १७.८ भागिले ४, म्हणजे सुमारे ४.५. डोस निम्मा केल्यावर ९.२ भागिले २, म्हणजे ४.६. तिसऱ्या भेटीत ३.४ भागिले २, म्हणजे पुन्हा १.७.

दुसऱ्या भेटीतला ९.२ हा आकडा एकटा पाहिला तर सुधारणा दिसते. गुणोत्तर पाहिले तर दिसते की काहीही सुधारलेले नाही. ज्या कारणाने औषध अडीच पटींहून अधिक शरीरात शिरत होते ते कारण जसेच्या तसे चालू आहे, आपण फक्त आत टाकलेले औषध निम्मे केले आहे. आणि १.७ वर परतलेले गुणोत्तर सांगते की दुसऱ्या व तिसऱ्या भेटीच्या दरम्यान ते कारण कोणालाही न कळवता निघून गेले. माझ्या मते प्रत्यारोपण रुग्णाच्या पातळीच्या तक्त्यात आकड्याशेजारी हे गुणोत्तर लिहिण्याची एक रकाना-भर जागा असायलाच हवी. त्याला वेगळी तपासणी लागत नाही, खर्च लागत नाही, आणि मात्रेचा प्रश्न कोठे संपतो व शोषणाचा प्रश्न कोठे सुरू होतो हे ते एका नजरेत दाखवते.

पेला सापडला

बायॉप्सीनंतर वॉर्डात असताना एका फार्मासिस्टने रुग्णाजवळ बसून वेगळ्या पद्धतीने विचारपूस केली. "अमुक खाता का" असे न विचारता त्या म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं ते सगळं क्रमाने सांगा. पाणीसुद्धा सोडू नका." रुग्णाने सांगायला सुरुवात केली. उठल्यावर कोमट पाणी, आठ वाजता गोळ्या, त्यानंतर तासाभराने एक मोठा पेला ताजा रस. कसला रस, या प्रश्नावर त्याने सहज उत्तर दिले : पपनसाचा. गेल्या दोन महिन्यांत ते फळ भरपूर मिळू लागले होते आणि गोड रसांपेक्षा ते बरे, असे त्याला वाटत होते. गोळ्यांबरोबर घेऊ नये एवढी काळजी म्हणून तो तासभर थांबतही होता. आणि मधल्या काळात? "सर्दी-खोकला झाला होता, म्हणून थंड काही घेतलंच नाही. रसही बंद केला."

तिन्ही भेटींचे आकडे या दोन वाक्यांत बसले.

आतड्याच्या अस्तरात काय घडते

तोंडावाटे घेतलेल्या टॅक्रोलिमसपैकी सरासरी पाव भागच रक्ताभिसरणात पोहोचतो, आणि ही सरासरीही फसवी आहे, कारण वेगवेगळ्या व्यक्तींत हे प्रमाण कमालीचे वेगळे असते. उरलेल्या औषधाचा मोठा हिस्सा लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींतच संपतो. तेथे सीवायपी३ए४ नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा वाहक त्याला पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलतो. यातून निसटलेले औषध यकृतात पोहोचते आणि तेथेही त्याच विकराला सामोरे जाते. डॉक्टर जी मात्रा ठरवतात ती या सर्व गळतीचा हिशेब धरूनच ठरलेली असते.

ग्रेपफ्रूट आणि पपनस यांत फ्युरानोकौमारिन वर्गातील द्रव्ये असतात. बर्गामॉटिन आणि डायहायड्रॉक्सीबर्गामॉटिन ही त्यांतली सर्वांत अभ्यासलेली. सीवायपी३ए४ या द्रव्यांवर काम करू लागते तेव्हा तयार होणारा क्रियाशील पदार्थ त्या विकरालाच कायमचा जखडून निकामी करतो. हा अडथळा तात्पुरता नसतो. रस पचून गेला, द्रव्ये रक्तातून नाहीशी झाली, तरी निकामी झालेले विकर परत कामाला लागत नाही. पेशीला ते नव्याने बनवावे लागते. म्हणून एका पेल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीही टिकतो आणि पूर्ण ओसरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. रुग्ण पाळत असलेले तासाभराचे अंतर यामुळेच निरुपयोगी होते. बारा तासांचे अंतर ठेवले असते तरी फरक पडला नसता, कारण रोज एक पेला घेणाऱ्याच्या आतड्यात ते विकर कधी पूर्ववत होतच नाही.

हा परिणाम मुख्यतः आतड्यात घडतो. नेहमीच्या प्रमाणात रस घेतल्यास यकृतातील विकरावर फारसा परिणाम होत नाही. शिरेतून दिलेल्या औषधाची पातळी म्हणूनच रसाने फारशी हलत नाही. याचा आणखी एक अर्थ असा, की ज्या व्यक्तीच्या आतड्यात हे विकर मुळात जास्त असते तिच्यात वाढही जास्त होते. एकच रस, एकच मात्रा, तरी एकाची पातळी किंचित हलते आणि दुसऱ्याची दुपटी-तिपटीच्या पुढे जाते, आणि हे आधी सांगता येत नाही.

या सगळ्याचा शोध योगायोगाने लागला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन हे रक्तदाबाचे औषध आणि मद्य यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते पाहत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि मद्य घेतले असो वा नसो, फेलोडिपिनची पातळी अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त निघाली. हे निरीक्षण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये बेली यांनीच लिहिलेल्या आढाव्यात ग्रेपफ्रूटशी आंतरक्रिया होऊ शकणाऱ्या औषधांची संख्या ८५ हून अधिक असल्याचे आणि त्यांपैकी ४३ औषधांत गंभीर दुष्परिणाम संभवत असल्याचे नमूद आहे. प्रत्यारोपणातील टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस आणि एव्हेरोलिमस ही चारही औषधे सीवायपी३ए४ कडूनच मोडली जातात. मायकोफेनोलेटचा मार्ग वेगळा आहे, त्यामुळे या रुग्णात त्याच्यावर रसाचा परिणाम होण्याचे कारण नव्हते.

पपनसाचा संबंध दूरचा नाही. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून निर्माण झालेले फळ आहे. फ्युरानोकौमारिनांचा वारसा त्याला पपनसाकडूनच मिळाला. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णात पपनस खाल्ल्याने टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात २००३ मध्येच झाली आहे. २००७ मधील आणखी एका नोंदीत संत्र्याच्या म्हणून खाल्लेल्या मार्मलेडमध्ये, म्हणजे फळाच्या मुरंब्यात, ग्रेपफ्रूट मिसळलेले होते आणि त्यातून टॅक्रोलिमसची तीव्र विषबाधा झाली. शिजवल्याने, गोठवल्याने किंवा घट्ट अर्क करून पुन्हा पाणी घातल्याने ही द्रव्ये नाहीशी होतील अशा भरवशावर राहता येत नाही, हे अशा नोंदींवरून स्पष्ट होते. कार्डावर एकाच फळाचे नाव लिहिणे म्हणजे रुग्णाने सूचना तंतोतंत पाळूनही अडचणीत येण्याची सोय करणे होय, आणि या रुग्णाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले.

"मग रस चालूच ठेवून मात्रा कमी का करू नये?"

हा प्रश्न रुग्णाने विचारला, आणि तो बिनबुडाचा नाही. सायक्लोस्पोरिन महाग असताना त्याची मात्रा वाचवण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस मुद्दाम देण्याचा विचार खरोखरच झाला होता. याच विकराला अडवणारी डिल्टियाझेम किंवा केटोकोनॅझोल ही औषधे याच हेतूने जोडण्याची पद्धत काही ठिकाणी रूढही झाली. रस मात्र टिकला नाही, कारण त्यातील फ्युरानोकौमारिनांचे प्रमाण कोणाच्या हातात नसते. फळाची जात, पक्वता, रस काढताना सालीचा किती अंश उतरतो, रस गाळलेला आहे की नाही, यांवर ते बदलते. गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे माहीत असते. पेल्यात किती आहे हे माहीत नसते. त्यात हंगाम संपतो, फळ मिळत नाही, सर्दी होते, माणूस गावाला जातो. रस थांबतो त्या आठवड्यात कमी केलेली मात्रा उघडी पडते. या रुग्णात पहिल्या टप्प्यातील विषबाधेपेक्षा दुसऱ्या टप्प्यातील घसरण मला अधिक चिंतेची वाटते : कंप आणि रक्तदाब रुग्णाला जाणवतात आणि तो स्वतःहून सांगतो, परंतु ३.४ या पातळीला कोणतेही लक्षण नसते.

याच तर्काने एक इशारा द्यावा लागतो. असा लेख वाचून एखाद्याच्या लक्षात आले की आपण असा रस रोज घेत आहोत, तर तो परस्पर बंद करून गप्प बसणे धोक्याचे ठरू शकते, कारण त्याची आजची मात्रा कदाचित त्या रसासकट ठरलेली असेल. प्रत्यारोपण केंद्राला कळवून रस बंद करावा आणि तीन-चार दिवसांनी पातळी तपासून घ्यावी. मात्रा बदलायची की नाही ते त्या आकड्यावरून ठरवता येते.

इतर रसांबद्दल

फार्मासिस्टने रुग्णाशी पुढे जे बोलणे केले त्यात सर्व फळांवर सरसकट बंदी घातली नाही, आणि ते योग्यच होते. गोड संत्रे आणि मँडरीन यांत फ्युरानोकौमारिने नगण्य असतात, त्यामुळे टॅक्रोलिमसच्या पातळीची चिंता त्यांच्याबाबत नाही. कडू संत्र्याचे, ज्याला सेव्हिल संत्रे म्हणतात त्याचे, तसे नाही. त्यात ही द्रव्ये असतात. त्याच्या रसाने फेलोडिपिनची पातळी वाढते, सायक्लोस्पोरिनवर मात्र एका अभ्यासात परिणाम दिसला नाही. इतक्या बेभरवशाच्या फळापासून प्रत्यारोपण रुग्णाने लांब राहणे बरे.

गोड संत्र्याच्या रसाची अडचण दुसरी आहे. एका पेल्यात साधारण ४५० ते ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. टॅक्रोलिमस स्वतःच पोटॅशियम चढवते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत संसर्ग टाळण्यासाठी दिले जाणारे को-ट्रायमोक्साझोलही चढवते. तिघांची भर एकत्र पडली की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याइतकी पातळी गाठली जाऊ शकते. म्हणून संत्र्याचा निर्णय पोटॅशियमचा आकडा पाहून करावा लागतो.

डाळिंबाच्या रसाबद्दल रुग्ण हमखास विचारतात. टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची एखाद-दुसरी नोंद आहे, परंतु निरोगी स्वयंसेवकांमध्ये याच विकराकडून मोडल्या जाणाऱ्या मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधावर त्याचा परिणाम आढळला नाही. कधीतरी थोडे डाळिंब खाण्याला हरकत घ्यावी इतका पुरावा नाही, रोज पेलाभर रस सुरू करायचा असेल तर आधी सांगावे. स्टार फ्रूट मात्र पूर्णपणे टाळावे. त्यातील ऑक्झलेट मूत्रपिंडाला इजा करते आणि कॅरॅम्बॉक्सिन नावाचे द्रव्य मूत्रपिंड कमजोर असलेल्या व्यक्तीच्या मेंदूवर विषारी परिणाम करते. न थांबणारी उचकी, गोंधळलेली अवस्था आणि झटके ही त्याची लक्षणे आहेत.

सफरचंद आणि संत्रे यांचे रस काही औषधांच्या बाबतीत उलटा परिणाम करतात : आतड्यातून औषध आत घेणाऱ्या वाहकांना अडवून फेक्सोफेनाडिन हे ॲलर्जीचे किंवा ॲटेनोलॉल हे रक्तदाबाचे औषध, यांची पातळी कमी करतात. रुग्णाच्या यादीत ही औषधे नव्हती. तरीही कोणतीही गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी, ही सूचना येथून सहज निघते.

ॲटोर्वास्टॅटिनकडे मात्र लक्ष देणे भाग होते. तेही सीवायपी३ए४ वरच अवलंबून असल्याने रस चालू असताना त्याचीही पातळी वाढलेली असणार. रुग्णाला विचारल्यावर जिना चढताना मांड्या दुखत असल्याचे त्याने सांगितले, जे त्याने वयाच्या खात्यावर टाकले होते. स्नायूंच्या इजेची निदर्शक असलेली क्रिएटिन कायनेजची तपासणी केली. ती सामान्य निघाली आणि दुखणे पंधरवड्यात थांबले.

पुढे काय झाले

मात्रा पूर्ववत केल्यावर चौथ्या दिवशी टॅक्रोलिमस ६.१ आणि त्यानंतरच्या आठवड्यात ६.७ निघाले. गुणोत्तर १.५ आणि १.७, म्हणजे मूळ जागी. क्रिएटिनिन १.३ वर येऊन स्थिरावले, पूर्वीच्या १.२ पर्यंत ते गेलेले नाही. हा फरक मोजणीतला आहे की बायॉप्सीत दिसलेल्या दाहाची खूण आहे, हे पुढील काही महिन्यांच्या आकड्यांवरूनच कळेल. पोटॅशियम ४.५, रक्तदाब १३०/८२ आणि साखर उपाशीपोटी ९८ झाली. साखर आणि रक्तदाब यांसाठी नवी औषधे सुरू करण्याचा विचार पहिल्या भेटीत झाला होता, तो सोडून देण्यात आला.

केंद्राच्या कार्डावर आता ग्रेपफ्रूटच्या जोडीला पपनस, कडू संत्रे, त्यांची मार्मलेडे आणि मिश्र रस यांचीही नावे आहेत, आणि मिश्र रसाच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचावी अशी एक ओळ जोडली आहे. रुग्णाने शेवटी विचारले की रस नको तर निदान पपनसाची एखादी फोड चालेल का. सुरक्षित प्रमाण सांगता येत नसल्याने उत्तर नाही असेच द्यावे लागले. त्याऐवजी जेवणाबरोबर एक गोड संत्रे, पोटॅशियम ५ च्या खाली असेपर्यंत, यावर तडजोड झाली. ते फळ पुन्हा मिळू लागण्याच्या सुमाराला त्याची एक जादा ट्रफ तपासणी वहीत आधीच नोंदवून ठेवलेली आहे.